कोपरानं उघडणारं दार

३ ऑगस्ट, सोमवार

उघडलं नाही!

अख्ख्या कारखान्यासमोर. नवीकोरी बस, रंगाचा वास अजून गेला नव्हता, साहेबांनी टाय बांधलेला — आणि मागचं संकटकालीन दार उघडलं नाही. तपासनीस बाई ठेंगण्या, बारीक, काखेत फाइल. त्यांनी दांडा धरला, ओढला. वर केला, खाली केला, पुन्हा ओढला. चाळीस सेकंद झाले. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, जरा जोर लावा."

त्या शांतपणे वळल्या. "बस पेटल्यावर आतल्या लोकांना हेच सांगणार का?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्याही. कारण तो दांडा माझा! मूळचा दहा वर्षांपूर्वी कुणीतरी काढलेला, पण गेल्या वर्षी मी तो "सुधारला". सडपातळ केला. स्क्रीनवर काय देखणा दिसत होता!

फेरतपासणी १६ सप्टेंबरला. तोवर एकही बस फाटकाबाहेर जायची नाही.

४ ऑगस्ट

बैठक. नवा दांडा कधी, हा एकच विषय.

टूलरूमचे मिस्त्री बोलायला उभे राहिले. सगळे त्यांना पाठीमागे 'मायक्रॉन' म्हणतात. इतरांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला मोजमापाचा व्हर्नियर, आणि मिलिमीटरमध्ये बोलणं त्यांना ढोबळपणा वाटतो. त्यांचा हिशोब साधा: ड्रॉइंग, मग डाय म्हणजे साचा, मग पहिला नमुना. तीन आठवडे. "म्हणजे फेरतपासणीपर्यंत दोन नमुने. तिसऱ्याला वेळ नाही."

मी म्हटलं, आपल्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे.

आहे खरा. दोन वर्षं कोपऱ्यात आहे. आजवर त्यातून निघालं काय? पेनस्टँड, साहेबांच्या नावाची पाटी आणि पाहुण्यांना द्यायला चिमुकल्या बसगाड्या.

"ते टूथपेस्टचं यंत्र?" मायक्रॉन म्हणाले. "ते दार उघडणार?" हशा!

आणि माझी जीभ घसरली. "दोन नाही काका, मी तीस नमुने करून दाखवते."

साहेबांनी वहीत लिहूनसुद्धा घेतलं. तीस.

६ ऑगस्ट

नमुना एक हातात आहे!

काल संध्याकाळी कॉम्प्युटरवरून आकृती यंत्राला दिली आणि घरी गेले. सकाळी येऊन बघते तर ट्रेवर दांडा. पांढरा, अजून किंचित कोमट. प्लॅस्टिकची तार वितळवून केसाएवढा थर, त्यावर थर, त्यावर थर — असे साडेनऊशे थर. बोट फिरवलं की खरखर कळते.

हातात धरला आणि पाच सेकंदांत कळलं की तो भिकार आहे. बोटं आत जात नाहीत. वर्षभर स्क्रीनवर गोल फिरवून बघत होते, तेव्हा एकदाही कळलं नव्हतं.

पण भिकार आहे हे आज कळलं. तीन आठवड्यांनी नाही!

७ ऑगस्ट

नमुना दोन, तीन. तीन बरा. दोनबद्दल बोलायचं नाही.

१० ऑगस्ट

घरी पिशवीतून चार दांडे आणले आणि जेवणाच्या टेबलावर मांडले. परीक्षक — सासूबाई. वय एकाहत्तर, जन्मभर टायपिस्ट, आता बोटांच्या सांध्यांना गाठी. बरणीचं झाकण त्यांना उघडत नाही. मला नेमका असाच हात हवा होता.

त्यांनी एकेक उचलला, ओढल्यासारखं केलं आणि मार्क दिले. "हा तीन. हा दोन. हा चार, पण टोचतो. हा धरला की जीव जातो. शून्य."

"आई, शून्य नका देऊ हो. निदान एक तरी."

"अगं, ऑफिसात चुकलेल्या पानाला कुणी एक मार्क द्यायचं नाही. फाडायचं आणि नवं घालायचं."

नवरा भाकरीचा तुकडा हातात धरून बघत बसला होता. "मला विचारत नाही कुणी," म्हणाला. त्याला विचारलं. त्याने सगळ्यांना सात दिले. अशा परीक्षकाचा उपयोग नाही.

सकाळी तक्रार, दुसऱ्या सकाळी नवा दांडा. असं काम मी आयुष्यात केलेलं नाही. नाश्त्याआधी कारखान्यात पळावंसं वाटतं!

१३ ऑगस्ट

फजिती.

नमुना नऊ. सासूबाईंचे सात मार्क मिळालेला. साहेब बघायला आले, मागे चार जण, त्यात मायक्रॉन. साहेबांनी दारावर बसवलेला दांडा धरून ओढला.

कट्ट!

अर्धा साहेबांच्या हातात, अर्धा दारावर. साहेब हातातल्या तुकड्याकडे बघत राहिले. "हे बसमध्ये बसवणार होता तुम्ही?" नाही साहेब, हा फक्त आकार बघायला...

मला वाटलं आता मायक्रॉन हसणार. ते हसले नाहीत. वाकून खालचा तुकडा उचलला, दुसरा साहेबांच्या हातातून घेतला, दोन्ही खिशात टाकले आणि निघून गेले. ते जास्त लागलं.

१४ ऑगस्ट

मायक्रॉननी टूलरूममध्ये बोलावलं. बाकावर दोन्ही तुकडे, शेजारी भिंग.

"मॅडम, सुताराला काम करताना कधी बघितलंय?"

हो म्हटलं.

"फळीला रेषा असतात. जोर रेषेच्या लांबीत गेला तर फळी दाद देत नाही. रेषा एकमेकींपासून सुटतील असा दिला तर टचकन चिरते. तुमचं हे पण लाकूडच आहे. तुम्ही हा उभा छापलात. एकावर एक थर. आणि ओढताना थरच सुटतायत." तुकडा माझ्यापुढे धरला. "झोपवून छापा याला."

मला हे माहीत होतं! पुस्तकात वाचलेलं होतं. पण घाईत ट्रेवर जागा वाचावी म्हणून उभा छापला.

दुपारी झोपवून छापायला लावला, सुटीच्या आधी बाहेर आला. मायक्रॉननी तो शिकंज्यात धरला आणि एकेक वजन लटकवत गेले. दहा किलो. वीस. तीस. टूलरूममधली सगळी यंत्रं थांबलेली. चाळीस!

तुटला नाही.

त्यांनी व्हर्नियर लावला. "दोनशे मायक्रॉन जाड आलाय."

"काका, प्लॅस्टिक आहे ते."

"म्हणून काय झालं?"

१९ ऑगस्ट

आज मोठा प्रयोग. बसचं मागचं जुनं दार लाकडी चौकटीत बसवून कँटीनच्या तोंडाशी उभं केलं. नियम एकच: चहा हवा असेल त्याने डोळे मिटायचे, मी पाठीवर थाप मारली की दार उघडून आत जायचं. नमुना सोळा लावला होता. माझ्या मते सर्वांत सुंदर. सासूबाईंचे नऊ मार्क!

बासष्ट जण झाले. सतरा जणांना पाच सेकंदांत उघडलं नाही. दमदार माणसं, रोज पत्रा वाकवणारी. वेल्डर तर दांडा सोडून दारालाच खांद्याने धडका देत होता.

घरी येऊन मोबाइलवरचं चित्रीकरण तीनदा बघितलं. सगळे तेच करतात. घाईत कुणी ओढत नाही. माणूस पुढे रेटतो. अंगाने, छातीने, हाताने, पण रेटतो.

सोळा नमुने. सोळाही नीट धरता येणारे. आणि सोळाही चूक! मी दांडा सुधारत बसले, आणि गोम दांड्यात नव्हतीच.

२० ऑगस्ट

काही सुचत नाही. यंत्र बंद.

२२ ऑगस्ट, शनिवार

सकाळी गॅलरीत बसले होते, तोंड पाडून. सासूबाई चहा घेऊन आल्या. दोन हातांत दोन कप. गॅलरीचं दार बंद. मी उठणार इतक्यात त्यांनी कोपर उचललं, कडीच्या मुठीवर ठेवून खाली दाबलं, कमरेने दार ढकललं आणि आल्या. चहाचा थेंब सांडला नाही. ज्या बाईला बरणी उघडत नाही!

मी बघतच राहिले.

"काय झालं? असं काय बघतेस? हात कुठे मोकळे आहेत माझे?"

हात कुठे मोकळे आहेत!

पेटलेल्या बसमध्ये कुणाचे हात मोकळे असतात? कडेवर मूल असतं. म्हाताऱ्या माणसाला धरलेलं असतं. तोंडावर रुमाल असतो. आणि मी वीस दिवस बोटांचा विचार करतेय!

मी त्यांना मिठीच मारली. दोन्ही कप लादीवर. "अगं बाई, हिला झालंय काय," म्हणत त्या फडकं आणायला गेल्या. तोवर मी वर्तमानपत्राच्या कडेला चित्र काढून मोकळी. दांडा नाहीच. दाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवी पट्टी. वरून दाबा — हाताने, कोपराने, ढोपराने, कशानेही — खटका सुटतो. मग रेटा!

२४ ऑगस्ट

पट्टी लांब, यंत्राचा ट्रे लहान. तीन तुकड्यांत छापली, खुंट्या घालून जोडली. शनिवार-रविवारी तीन फसल्या, आजची चौथी, म्हणजे नमुना वीस, जमली. खटक्याची स्प्रिंग अशी निवडली की नुसता हात टेकला तर काही होत नाही, अंगाचा भार पडला की सुटतो. कँटीनच्या चौकटीवर बसवली. डोळे मिटा, चहाकडे चला!

बासष्टपैकी एकसष्ट! बहुतेक तीन सेकंदांच्या आत. वेल्डरने पोटाने उघडलं. हिशोबातल्या बाईंनी हातातला डबा खाली न ठेवता.

बासष्टावे मायक्रॉन. त्यांनी डोळे मिटलेच नाहीत. पट्टीकडे बघत उभे राहिले. "उघडतंय," म्हणाले. "फारच उघडतंय." आणि चहा न घेता गेले.

२५ ऑगस्ट

त्यांचं म्हणणं आज कळलं. सकाळी आले, आपली डब्याची पिशवी काढली, पट्टा पट्टीवर अडकवला आणि हात बांधून उभे राहिले. पिशवी जरा झुलली. खट्ट. दार आपोआप उघडलं.

"पहिल्याच दिवशी कुणीतरी पिशवी अडकवणार. गाडी खड्ड्यात आपटणार. दाराला टेकून कॉलेजची पोरं उभी असणार."

न उघडणारं दार वाईट. पण चालत्या बसचं भलत्या वेळी उघडणारं दार...

साहेबांना जाऊन स्वतः सांगितलं. त्यांनी वही उघडली. मग म्हणाले, "तीसमधले किती उरलेत?"

दहा, म्हटलं.

२६ ऑगस्ट

पट्टीला वरून उतार दिला. अख्खी पट्टी छापत बसले नाही, वीतभराचे चार तुकडे, चार उतार, एकाच खेपेत. दहा अंश — पिशवी राहिली. पंधरा — राहिली. वीस — राहिली. तीस — जरा विचार केला आणि राहिली.

२७ ऑगस्ट

चाळीस अंश. पिशवी पडली! कोपरही घसरलं. माझंच. काळंनिळं झालंय.

२८ ऑगस्ट

आज छापलं काहीच नाही. खुर्ची घेऊन पट्टीसमोर बसले आणि नुसती पिशवी अडकवत राहिले. वीसदा, तीसदा. येणारेजाणारे बघून जात होते — बिचारीचं डोकं फिरलं.

आणि मग दिसलं. पिशवी पट्टीवर नसतेच! तिचा पट्टा मागे जातो, पट्टी आणि दार यांच्यामधल्या फटीत. तिथे तो अडकतो. उतार वाढवून काय होणार? फट हवीच कशाला?

फट बुजवायची. खिडकीवरच्या छज्ज्यासारखा दारातूनच निघालेला उतार. मागे काही नाही. आणि मधोमध कोपर बसेल एवढा उथळ खळगा.

३१ ऑगस्ट

नमुना सत्तावीस.

डब्याची पिशवी — पडली. पर्स — पडली. छत्री — पडली. हेल्मेट — पडलं आणि कँटीनभर गडगडत गेलं. कारखान्यातला प्रत्येक माणूस हातात येईल ते घेऊन आला. एकाने पँटचा पट्टा काढून आणला. पडला! (पट्टा. पँट नाही.)

आणि कोपराने — खट्ट. दर वेळी.

मायक्रॉननी तब्बल वीस मिनिटं काही ना काही अडकवायचा प्रयत्न केला. शेवटी तारेचा आकडा वाकवून आणला. तोही घसरला. आकडा खिशात टाकला आणि मला म्हणाले, "आज चहा मी पाजतो."

२ सप्टेंबर

तपासणीला प्लॅस्टिक चालणार नाही. धातूच पाहिजे. डायला तीन आठवडे, हातात दोन. आकार सापडला आणि वेळ संपला!

यंत्रापाशी बसले होते तर मागून मायक्रॉन. "पोरी, तो सत्तावीस नंबर दीड टक्का मोठा करून छापून दे."

मोठा कशाला?

"धातू थंड होताना आकसतो. माझ्या दोस्ताची ओतशाळा आहे. वाळूत तुझी पट्टी दाबायची, काढून घ्यायची, राहिलेल्या पोकळीत ॲल्युमिनियम ओतायचं. पूर्वी याच्यासाठी लाकडाचा नमुना कोरत महिना जायचा. आता..." यंत्राकडे हनुवटी केली. "वाळूला काय कळतंय, लाकूड आहे की टूथपेस्ट!"

पोरी म्हणाले. चार वर्षांत पहिल्यांदा.

८ सप्टेंबर

परवा आली! ओबडधोबड, करडी, वाळूचे कण अजून चिकटलेले. पण ती! दोन दिवस मायक्रॉननी स्वतः कानस मारली, कुणाला हात लावू दिला नाही. आज दुपारी बसच्या दारावर बसवली. पहिल्या फटक्यात बसली. सगळे स्क्रू आपापल्या भोकांत.

त्यांनी व्हर्नियर खिशातून काढला, लावला, परत ठेवला. आकडा सांगितला नाही. याचा अर्थ मला आता कळतो.

१५ सप्टेंबर

उद्या.

१६ सप्टेंबर, बुधवार

सगळं क्रमाने लिहायचं. काही सुटता कामा नये.

तपासनीस बाई नऊला आल्या. तीच फाइल. बसमध्ये चाळीस माणसं: कँटीन, हिशोब, पेंटशॉप, आणि सासूबाई. त्या हट्टाने आल्या. "माझे मार्क आहेत त्यात," म्हणाल्या. खिडक्यांना काळे कागद, आत धुराचं यंत्र.

बाईंनी आत नजर फिरवली आणि थेट सासूबाईंकडे बोट केलं. "या आजी मागच्या दाराशी बसतील. त्याच उघडतील."

गप्प बसले असते तर? खरं सांगते, दोन सेकंद गप्प बसलेही. मग म्हटलं, "बाई, या माझ्या सासूबाई आहेत. प्रत्येक नमुना त्यांनी हाताळलाय."

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की घरी गेल्यावर माझी खैर नाही.

तपासनीस बाईंनी फाइल साहेबांच्या हातात दिली. "मग मीच बसते." कँटीनमधून दहा किलोचं पिठाचं पोतं मागवलं, बाळासारखं कडेवर घेतलं. दुसऱ्या हाताने शेजारच्या माणसाचं मनगट धरलं. "लावा धूर."

दार लागलं. बाहेर आम्ही. मायक्रॉन माझ्या शेजारी, हातात स्टॉपवॉच, दोन्ही डोळे मिटलेले!

शिट्टी.

खट्ट.

दार धाडकन उघडलं आणि धुरातून पहिलं बाहेर आलं ते पिठाचं पोतं, मग बाई, मग माणसं, माणसं, माणसं. तिसऱ्या नंबरवर सासूबाई, केस सारखे करत. शेवटचा वेल्डर.

"एकतीस," मायक्रॉन म्हणाले. चाळीस माणसं, एकतीस सेकंद!

बाईंच्या अंगावर पीठच पीठ. "पुन्हा," त्या म्हणाल्या. पुन्हा केलं. एकोणतीस. "पुन्हा." पाच वेळा! पाचव्या वेळी भाड्याने आणलेल्या धुराच्या यंत्राने मान टाकली, दाराने नाही. मग त्यांनी स्वतःची पर्स पट्टीवर अडकवली. पडली. उचलून झटकली. फाइल मागितली, सही केली.

जाताना माझ्यापाशी थांबल्या. "हे कुणाचं डोकं?"

मी सासूबाईंकडे बोट दाखवलं. मायक्रॉननी माझ्याकडे. सासूबाईंनी मायक्रॉनकडे. बाई पहिल्यांदा हसल्या.

कारखान्यात एवढा आरडाओरडा मी कधी ऐकला नव्हता. साहेबांनी टाय काढून हवेत फेकला. वेल्डर नाचला. सासूबाई रस्ताभर बोलल्या नाहीत. घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाल्या, "दहा."

"काय?"

"मार्क."

१९ सप्टेंबर

मायक्रॉन प्रिंटरपाशी उभे. हातात कागद, पेन्सिलीने काढलेलं सुबक चित्र. त्यांच्या लेथचं एक दातेरी चाक सहा वर्षांपूर्वी तुटलंय, आता कुठेच मिळत नाही. "हे छापून मिळेल का, मॅडम?" मॅडमवर जोर.

शेवटी नमुने एकतीस झाले. साहेबांनी वहीतला आकडा स्वतः खोडून दुरुस्त केला.

५ नोव्हेंबर

डाय तयार. पट्ट्या ढिगाने निघतायत. आज पहिल्या सहा बस फाटकाबाहेर गेल्या. सगळे हात हलवत उभे, मुलगी सासरी जावी तसे.

२९ जानेवारी

सकाळी तपासनीस बाईंचा फोन. काल आपली एक बस भर रस्त्यात पेटली. इंजिनातून. पुढचं दार ज्वाळांत. आत त्रेचाळीस माणसं.

सगळी बाहेर. सगळी!

मागचं दार कुणी उघडलं ते त्यांना अहवालात लिहायचंय. एकेकाला विचारलं, कुणालाच सांगता येईना. सगळ्यांत आधी उतरली ती एक बाई — कडेवर बाळ, दुसऱ्या हातात थोरलीचा हात. तिला विचारलं. म्हणाली, "मागचं दार? ते तर उघडंच होतं की!"

उघडं नव्हतं.